उंच वेशीचा रस्ता

जर्मनीतील कोलोन शहराच्या (जर्मन लोक त्याला क्योल्न म्हणतात) मधोमध ‘होहे श्ट्रासे’ नावाची पेठ आहे. उत्तरेला कॅथीड्रलच्या सावलीत ती सुरू होते आणि जवळजवळ सुतासारखी सरळ दक्षिणेला जाते. लांबी पाऊण किलोमीटरहून थोडी कमी. रमतगमत चालले तरी दहा-बारा मिनिटांत संपते. रुंदी इतकी बेताची की गर्दीच्या वेळी समोरच्या दुकानाची काच माणसांच्या डोक्यांवरूनच पाहावी लागते. वाटेत पश्चिमेकडे ‘शिल्डरगास्से’ हा दुसरा रस्ता फुटतो आणि नॉयमार्क्ट नावाच्या मोठ्या चौकात जाऊन मिळतो. कोलोनची मुख्य बाजारपेठ म्हणजे हे दोन रस्ते. जर्मनीत कोणत्या पेठेतून तासाला किती माणसे जातात याची नियमित मोजदाद होते. तीत शिल्डरगास्सेचे नाव वर्षानुवर्षे अगदी वरच्या क्रमांकांत असते.

जुनी पेठ म्हणून पाहायला येणाऱ्याची इथे आधी निराशाच होते. कपडे, बूट, मोबाइल आणि चष्मे विकणाऱ्या साखळी दुकानांच्या त्याच त्या पाट्या दिसतात. वरचे मजले पाहिले तर बहुतेक इमारती १९४५ नंतरच्या, साध्या, घाईने बांधल्यासारख्या. लाकडी पट्ट्यांची घरे आणि कौलारू माड्या असलेली चित्रातली जर्मनी इथे नाही. तरीही हा जर्मनीतल्या सर्वांत जुन्या रस्त्यांपैकी एक आहे. जुनी आहे ती रस्त्याची आखणी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन मोजणीदारांनी इथे सूत धरले, आणि त्यानंतर घरे कितीदा तरी पडली, जळली, पुन्हा उभी राहिली, पण ती रेघ हलली नाही.

ऱ्हाईन नदीच्या डाव्या तीरावर रोमनांनी उबी नावाच्या जर्मन टोळीला वसवले होते. या वसाहतीत इसवी सन १५ मध्ये रोमन सेनापती जर्मानिकस याला मुलगी झाली, तिचे नाव अग्रिपिना. पुढे ती सम्राट क्लॉडियसची राणी झाली आणि नीरोची आई म्हणून इतिहासात बदनामही झाली. तिच्याच आग्रहाने क्लॉडियसने इसवी सन ५० मध्ये तिच्या जन्मगावाला रोमन नगराचा दर्जा दिला. गावाला नाव मिळाले ‘कोलोनिया क्लाउडिया आरा अग्रिपिनेन्सियुम’. एवढे लांबलचक नाव लोकांच्या तोंडी टिकणे शक्यच नव्हते. त्यातला पहिला शब्द तेवढा उरला, आणि त्याचा अर्थ नुसता ‘वसाहत’ असा आहे.

रोमन नगररचनेचा साचा ठरलेला असे. उत्तर-दक्षिण एक मुख्य रस्ता, पूर्व-पश्चिम दुसरा, आणि दोघे मिळतात त्या भागात नगरचौक. कोलोनमधला उत्तर-दक्षिण रस्ता म्हणजे आजची होहे श्ट्रासे, पूर्व-पश्चिम म्हणजे शिल्डरगास्से. शहराभोवती सुमारे चार किलोमीटर लांबीचा तट होता. उत्तरेची वेस ओलांडली की हाच रस्ता नदीकाठाने पुढच्या लष्करी छावण्यांकडे जाई आणि दक्षिणेची वेस ओलांडली की बॉन आणि माइन्त्सकडे. म्हणजे गावातली ही पेठ साम्राज्याच्या सरहद्दीवरच्या लष्करी हमरस्त्याचाच एक तुकडा होती. सैनिकांचा पगार रोख होता आणि तो खर्च करायला हीच जागा होती. त्या काळी रस्ता आजच्यापेक्षा कितीतरी रुंद होता आणि दोन्ही अंगांना खांबांच्या ओसऱ्या होत्या, त्यांच्या आडोशाला दुकाने.

उत्तरेच्या वेशीचा एक बाजूचा कमानीदार दरवाजा आजही कॅथीड्रलसमोरच्या फरसबंदीवर उभा आहे. सेल्फी काढणाऱ्यांच्या गर्दीत तो सहज नजरेतून सुटतो, कारण त्याच्यामागे १५७ मीटर उंचीचे दोन मनोरे आहेत आणि कॅमेरे त्यांच्याकडेच वळलेले असतात. वेशीच्या मधल्या मोठ्या कमानीचे दगड वस्तुसंग्रहालयात ठेवले आहेत. त्यांवर नगराच्या नावाची सी-सी-ए-ए ही आद्याक्षरे कोरलेली आहेत. हे रोमन-जर्मन संग्रहालय कॅथीड्रलला लागूनच आहे. १९४१ मध्ये इथे हवाई हल्ल्यापासून बचावासाठी खंदक खणताना रंगीत दगडी तुकड्यांची एक मोठी फरशी सापडली. मद्याचा देव डायोनिसस आणि त्याचा लवाजमा तीवर चितारलेला आहे. ती कोणा श्रीमंताच्या वाड्यातल्या भोजनगृहाची होती. फरशी उचलून नेण्याऐवजी १९७४ मध्ये तिच्याभोवतीच संग्रहालय बांधले गेले. अलीकडे नूतनीकरणासाठी ती इमारत बंद ठेवून वस्तू शहरात दुसरीकडे मांडल्या आहेत. पेठेच्या पूर्वेला, जुन्या नगरभवनाच्या खाली, रोमन सुभेदाराच्या वाड्याचे पायथे आहेत.

रोमन सत्ता पाचव्या शतकात गेली आणि फ्रँक लोकांचा अंमल आला. रुंद राजरस्ता राखायला आता कोणी नव्हते. ओसऱ्यांच्या जागी लोकांनी घरे बांधली, घरांपुढे पडव्या काढल्या, पडव्यांपुढे फळ्या टाकल्या. आजच्या भाषेत याला अतिक्रमण म्हणतात. चार-पाचशे वर्षे ते बिनबोभाट चालू राहिले आणि साम्राज्याच्या हमरस्त्याची गल्ली झाली. होहे श्ट्रासेचा आजचा अरुंदपणा त्या काळचा आहे.

मध्ययुगात या रस्त्याला एक नावही नव्हते. दर थोड्या अंतरावर तिथल्या कारागिरांवरून वेगळे नाव पडले होते: कुठे तवे-कढया ठोकणाऱ्यांची आळी, कुठे घोडेस्वारांच्या टाचेचे काटे घडवणाऱ्यांची, कुठे सरदारांची राजचिन्हे कापडावर भरणाऱ्यांची. शिल्डरगास्से हे नावही असेच आले आहे. ढाली रंगवणारे कारागीर तिथे राहत. ढालीवरून ते लाकडी फळ्यांवर आले आणि चर्चसाठी संतांची चित्रे काढू लागले. कोलोनच्या मध्ययुगीन चित्रकलेचा मोठा लौकिक झाला, तो याच रंगाऱ्यांच्या वस्तीतून. ‘होहे’ म्हणजे उंच. रस्ता मात्र उंचावर वगैरे नाही. दक्षिणेच्या रोमन वेशीला लोक ‘होहे फोर्टे’, म्हणजे उंच वेस, म्हणत आणि तिच्याकडे जाणारा तो उंच रस्ता. वेस केव्हाच गेली. तिच्या जागी त्या नावाचा एक लहानसा रस्ता तेवढा आहे.

या पेठेची भरभराट दोन गोष्टींनी झाली. पहिली देवाची. ११६४ मध्ये आर्चबिशप रायनाल्ड फॉन डासेलने इटलीतल्या मिलानहून तीन राजांचे अवशेष कोलोनला आणले. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या तीन ज्ञानी राजांचे हे अवशेष मानले जातात. त्यांच्यासाठी सोन्याची पेटी घडवली गेली, यात्रेकरूंची रीघ लागली आणि जुने चर्च अपुरे पडू लागले. १२४८ मध्ये आर्चबिशप कोन्राड फॉन होखश्टाडेनने आजच्या कॅथीड्रलचा पाया घातला. यात्रेकरू आला की त्याला जेवण लागे, चपला लागत, मेणबत्ती लागे, घरी न्यायला बिल्ले-खुणा लागत, आणि हे सगळे देवळाच्या दारापासून दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्यावर मिळे. दुसरी गोष्ट शुद्ध व्यापाराची. त्याच कोन्राडने १२५९ मध्ये शहराला एक हक्क दिला. ऱ्हाईनवरून कोलोनपाशी येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने माल उतरवायचा, तीन दिवस शहरातल्या गिऱ्हाइकांपुढे मांडायचा, आणि मगच उरलेला पुढे न्यायचा. मासळी, दारू, कापड, मसाले, कोलोनकर आधी निवडून घेणार आणि उरलेले इतरांना. परगावच्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने ही उघड अडवणूक होती, पण शहर तिच्यावर गब्बर झाले. मध्ययुगाच्या उत्तरार्धात सुमारे चाळीस हजार वस्तीचे कोलोन हे जर्मन मुलखातले सर्वांत मोठे शहर होते.

कॅथीड्रल मात्र रखडले. सोळाव्या शतकात पैसा आणि उत्साह दोन्ही आटले आणि काम थांबले. दक्षिणेच्या अर्धवट मनोऱ्यावर माल उचलण्याची लाकडी यारी तशीच उभी राहिली आणि तीनशे वर्षे तीच शहराची ओळख होऊन बसली. १८४२ मध्ये काम पुन्हा हाती घेतले गेले आणि १८८० मध्ये पुरे झाले.

ऑक्टोबर १७९४ मध्ये क्रांतिकारक फ्रान्सच्या फौजा कोलोनमध्ये शिरल्या आणि पुढची वीस वर्षे शहर फ्रेंचांच्या ताब्यात होते. मठ बंद झाले, व्यावसायिक संघांचे म्हणजे गिल्डांचे जुने निर्बंध मोडले, तोवर परक्यासारखे वागवल्या जाणाऱ्या प्रॉटेस्टंटांना आणि ज्यूंना शहरात मोकळीक मिळाली. रस्त्यांची नावे नव्याने ठरवायचे काम फेर्डिनांड फ्रांत्स वाल्राफ या विद्वान संग्राहकावर सोपवण्यात आले. होहे श्ट्रासेच्या उत्तर टोकाचा चौक आज त्याच्याच नावाने ओळखला जातो आणि त्याच्या चित्रसंग्रहातून उभे राहिलेले वाल्राफ-रिखार्त्स संग्रहालय पेठेपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याच काळात घरांना क्रमांकही मिळाले. रस्त्यागणिक नव्हे, तर सगळ्या शहराला मिळून एकच ओळीने. ग्लोकेनगास्से या गल्लीतल्या एका घराच्या वाट्याला जो आकडा आला, तो पुढे जगभर गेला: ४७११.

या आकड्याची गोष्ट एका इटालियन अत्तरवाल्यापासून सुरू होते. जुन्या मराठी घरांत ताप चढला की कपाळावर ‘कोलन वॉटर’च्या घड्या ठेवत, कोणी त्याला यूडीकोलन म्हणत. ते ‘ओ द कोलोन्य’, म्हणजे कोलोनचे पाणी, याच पेठेच्या आसपास जन्मले. १६८५ मध्ये उत्तर इटलीतल्या डोंगराळ गावात जन्मलेला योहान मारिया फारिना कोलोनमध्ये भावाच्या पेढीत आला. ही पेढी १७०९ मध्ये स्थापन झाली होती आणि रेशीम, लेस, अत्तरे असा चैनीचा माल विकत असे. त्या काळची अत्तरे कस्तुरीसारख्या प्राणिज द्रव्यांची, जड आणि दर्पयुक्त असत. फारिनाने संत्रे, लिंबू, बर्गामोट अशा फळांच्या सालींचे तेल शुद्ध मद्यार्कात विरघळवून एक हलके, थंड वासाचे पाणी तयार केले. इटलीतल्या पावसानंतरच्या सकाळची त्याला आठवण व्हावी, असा तो वास होता. ज्या शहराने आपल्याला थारा दिला त्याचे नाव त्याने त्या पाण्याला दिले. कपाळावरची घडी गार लागे ती यातल्या मद्यार्कामुळे: तो झपाट्याने उडतो आणि उडताना कातडीची उष्णता घेऊन जातो.

अठराव्या शतकात हे पाणी युरोपातल्या राजवाड्यांत पोहोचले. औषध म्हणूनही ते खपे. थेंब-थेंब साखरेवर टाकून पोटात घेत. १८१० मध्ये नेपोलियनने हुकूम काढला की पोटात घ्यायच्या औषधांची कृती सरकारला कळवलीच पाहिजे. अत्तरवाल्यांनी कृती दाखवण्याऐवजी पवित्रा बदलला आणि आपला माल फक्त बाहेरून लावायचा आहे असे जाहीर केले. औषधाचे अत्तर झाले ते असे. 

खपणाऱ्या मालाची नक्कल व्हायला वेळ लागत नाही, आणि ट्रेडमार्कचा कायदा तेव्हा नव्हता. ‘फारिना’ हे नाव मिळाले की पुरे, अशी परिस्थिती असल्याने फारिना आडनावाची माणसे शोधून त्यांना नावापुरते भागीदार करून घेण्याचा धंदाच सुरू झाला. ग्लोकेनगास्सेतल्या विल्हेल्म म्युल्हेन्सनेही १८०३ मध्ये एका फारिनाकडून नावाचा हक्क विकत घेतला होता. कोर्टकचेऱ्या अनेक दशके चालल्या. शेवटी म्युल्हेन्स घराण्याला ते नाव सोडावे लागले, तेव्हा नातू फेर्डिनांडने घराचा जुना क्रमांकच मालाचे नाव म्हणून पुढे केला. म्युल्हेन्सच्या लग्नात एका मठवासी साधूने अत्तराची गुप्त कृती आहेर म्हणून दिली, अशी एक सुरस कथा सांगितली जाते. कंपनीने ती हौसेने जपली आहे. आज दोन्ही घरे पाहता येतात. फारिनांचे घर होहे श्ट्रासेच्या पूर्वेला ओबेनमार्सफोर्टेन रस्त्यावर, तळघरातल्या संग्रहालयासह आहे. म्युल्हेन्सचे ४७११ क्रमांकाचे घर पश्चिमेला आहे. ते युद्धानंतर जुन्या गॉथिक धाटणीत पुन्हा बांधलेले आहे. तिथले घड्याळ तासाच्या ठोक्याला फ्रान्सचे राष्ट्रगीत वाजवते. आत एका लहान कारंज्यातून पाण्याऐवजी अत्तर वाहते आणि येणारा प्रत्येक जण त्यात बोट बुडवून मनगटाला लावतो.

एकोणिसाव्या शतकात पेठेचे रूप पालटले. १८५९ मध्ये रेल्वेचे मुख्य स्थानक थेट कॅथीड्रलच्या पायाशी झाले. गाडीतून उतरलेला माणूस पाच मिनिटांत होहे श्ट्रासेवर येऊ लागला. कारागीर मागच्या गल्ल्यांत सरकले, तळमजल्यांच्या भिंती फोडून मोठमोठ्या काचा बसल्या आणि माल मागायची नव्हे, तर बघत हिंडायची वस्तू झाला. या नव्या व्यापाराचा सर्वांत मोठा माणूस होता लेओनहार्ड टिट्स. तो १८४९ मध्ये आजच्या पोलंडमधल्या एका लहान गावी ज्यू कुटुंबात जन्मला. १८७९ मध्ये त्याने बाल्टिक किनाऱ्यावरच्या श्ट्रालझुंडमध्ये जेमतेम २५ चौरस मीटरचे सुया-दोरे, बटणे आणि लोकरीचे दुकान काढले. त्याचे नियम साधे होते: वस्तूवर लिहिलेला भाव एकच, घासाघीस नाही, उधारी नाही, पसंत पडले नाही तर माल परत. उधारीवर आणि घासाघिशीवर चालणाऱ्या दुकानदारीत हे नियम नवे होते. रोख पैसा हातात असल्याने टिट्सला कारखानदारांकडून घाऊक माल स्वस्त मिळे, आणि तो पुढे स्वस्त विके. १८९१ मध्ये त्याने होहे श्ट्रासेवर दुकान थाटले आणि काही वर्षांत धंद्याचे मुख्य ठाणेच कोलोनला हलवले. (त्याच्या भावाच्या साखळीतून ‘हर्टी’ हे दुसरे प्रसिद्ध नाव आले: चुलते हेर्मान टिट्स यांच्या नावाची ती सुरुवातीची अक्षरे.)

वास्तुशास्त्रज्ञ विल्हेल्म क्राइसने टिट्ससाठी आखलेली भव्य दगडी इमारत १९१४ मध्ये उघडली. त्याच वर्षाच्या अखेरीस लेओनहार्ड वारला आणि मुलगा आल्फ्रेड याने कारभार हाती घेतला. या दुकानात १९२५ मध्ये जर्मनीतला पहिला सरकता जिना बसला. तेव्हा काहीही खरेदी न करता नुसते त्याच्यावरून वर-खाली करायला माणसे येत असतील तर नवल नाही. दुकानदाराला तेच हवे होते.

१ एप्रिल १९३३ रोजी नाझींनी देशभर ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला आणि दारांवर गणवेशातले पहारेकरी उभे केले. टिट्स कुटुंबाला कंपनी सोडावी लागली, समभाग कवडीमोलाने गेले आणि त्याच वर्षी पाटीवरचे नाव बदलून ‘वेस्टडॉइचे काउफहोफ’ झाले. आल्फ्रेड टिट्स देशोधडीला लागला. नेदरलँड्समार्गे तो पॅलेस्टाइनला पोहोचला आणि १९४१ मध्ये जेरुसलेममध्ये वारला. इमारत मात्र तीच राहिली. पुढची कित्येक दशके कोलोनकर ‘काउफहोफ’ला जात राहिले, आणि नावाच्या आधीचे नाव फारसे कोणी काढत नसे. या भागात चालताना पायाखाली कधी कधी तळहाताएवढा पितळी चौकोन चमकतो. त्यावर एक नाव, जन्मसाल आणि ‘इथे राहत होते’ असे शब्द असतात. नाझींनी ज्यांना त्या घरातून ओढून नेले त्यांच्या या खुणा आहेत. कोलोनमधला कलावंत गुंटर डेमनिग याने १९९२ मध्ये शहराच्या जुन्या नगरभवनासमोर असा पहिला दगड बसवला. आता युरोपभर ते हजारोंनी आहेत.

दुसऱ्या महायुद्धात कोलोनवर अडीचशेहून अधिक हवाई हल्ले झाले. ३० मे १९४२ च्या रात्री एकट्या या शहरावर ब्रिटिशांची हजाराहून अधिक विमाने आली. मार्च १९४५ मध्ये अमेरिकी फौजा शिरल्या तेव्हा जुन्या शहराचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उद्ध्वस्त झालेला होता आणि युद्धापूर्वी साडेसात लाखांवर असलेल्या वस्तीपैकी अगदी थोडी माणसे उरली होती. कॅथीड्रलला चौदा बॉम्ब लागले, पण ते उभे राहिले. होहे श्ट्रासे म्हणजे विटांच्या दोन ढिगाऱ्यांमधली पायवाट झाली होती.

इथे एक निर्णय घ्यावा लागणार होता. जमीन मोकळी झालीच आहे, तर रस्ता रुंद करून त्यावरून मोटारी सोडाव्यात, असे अनेक जर्मन शहरांनी ठरवले. कोलोनच्या पुनर्बांधणीचा आराखडा वास्तुशास्त्रज्ञ रुडोल्फ श्वार्त्सकडे आला. शहर म्हणजे लहान-लहान वस्त्यांचा समूह, आणि जुन्या रस्त्यांच्या आखणीत त्याची स्मृती असते, असे त्याचे मत होते. पेठ अरुंदच राहिली. मोटारींसाठी तिला समांतर असा नवा रुंद रस्ता, उत्तर-दक्षिण हमरस्ता, शहराच्या पोटातून काढण्यात आला. तो आज कोणालाच आवडत नाही, पण त्याने मोटारींचे ओझे उचलले म्हणून होहे श्ट्रासे आणि शिल्डरगास्से १९६० च्या दशकात पूर्णपणे पायी चालणाऱ्यांसाठी मोकळ्या करता आल्या. जर्मनीत ही कल्पना तेव्हा अजून नवी होती. कासेल शहरातला ट्रेपेनश्ट्रासे हा केवळ पादचाऱ्यांसाठी आखलेला रस्ता १९५३ मध्ये खुला झाला, तेव्हापासून तिचा प्रसार सुरू झाला. दुकानदारांचा सुरुवातीचा आक्षेप सगळीकडे एकच असे: गाडी दाराशी आली नाही तर गिऱ्हाईक येणार कसे? उलट झाले. गर्दी वाढली, भाडी वाढली, आणि वाढलेल्या भाड्यांनी पिढीजात दुकाने बाहेर पडून साखळी दुकाने आली. 

युद्धाची खूण पाहायची तर पेठेच्या पश्चिमेला दोन मिनिटांवर असलेल्या कोलुम्बाकडे वळावे लागते. इथे सेंट कोलुम्बा हे जुने चर्च होते. बॉम्बहल्ल्यात ते जमीनदोस्त झाले, पण एका खांबावरची मेरीची गॉथिक मूर्ती जाग्यावर उभी राहिली. वास्तुशास्त्रज्ञ गोटफ्रीड ब्योमने १९५० मध्ये त्या मूर्तीभोवती एक लहानसे प्रार्थनागृह बांधले. त्याला लोक ‘ढिगाऱ्यातली माता’ म्हणतात. २००७ मध्ये स्विस वास्तुशास्त्रज्ञ पेटर त्सुम्थोरने हे प्रार्थनागृह, पडक्या भिंती आणि खालचे रोमन अवशेष सगळेच कवेत घेणारे संग्रहालय उभारले. मुद्दाम भाजून घेतलेल्या लांबट, फिकट करड्या विटांच्या भिंती थेट जुन्या तुटक्या भिंतींवर चढवल्या आहेत. नवे कुठे सुरू होते ते बोट ठेवून दाखवता येते. काही ठिकाणी विटांमध्ये फटी सोडल्या आहेत, त्यांतून उन्हाचे कवडसे खालच्या खोदकामावर पडतात. बाहेरचा गलबला तिथवर अंधुक पोहोचतो. पेठेच्या आसपास एकच वास्तू पाहायला वेळ असेल, तर ही पाहावी.

शिल्डरगास्सेवरचे आंटोनिटर चर्च दुकानांच्या रांगेत चौदाव्या शतकापासून उभे आहे. कडव्या कॅथलिक कोलोनमध्ये प्रॉटेस्टंटांना उघड उपासनेची बंदी होती. फ्रेंचांनी हे चर्च त्यांना दिले आणि शहरातले ते पहिले सार्वजनिक प्रॉटेस्टंट चर्च झाले. आत एका बाजूला छतापासून काशाची एक आडवी आकृती टांगलेली आहे: डोळे मिटलेले, हात छातीवर घेतलेले, जमिनीला समांतर तरंगणारी. शिल्पकार एर्न्स्ट बार्लाखने पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये उत्तर जर्मनीतल्या ग्युस्ट्रो गावच्या कॅथीड्रलसाठी ती घडवली होती. चेहऱ्यात चित्रकार-शिल्पकार केटे कोलविट्सची छटा उतरली आहे. नाझींना हे शिल्प पराभूत वृत्तीचे वाटले. १९३७ मध्ये त्यांनी ते उतरवले आणि नंतर वितळवले. साचा मात्र उरला होता. मित्रांनी त्यावरून गुपचूप दुसरे शिल्प ओतून घेतले आणि युद्ध संपेपर्यंत लपवून ठेवले. तेच १९५२ पासून कोलोनमध्ये आहे, आणि त्याच्यावरून ओतलेले तिसरे शिल्प ग्युस्ट्रोला परत गेले. चर्चच्या दारातून बाहेर पडले की समोर विजारींवर पन्नास टक्के सूट असते.

चर्चच्या शेजारी रेंझो पियानोने आखलेले कपड्यांचे काचेचे दुकान आहे. २००५ मध्ये उघडलेली ही इमारत लाकडी फासळ्यांवर काचा बसवून केलेली आहे. पालथ्या गलबतासारखी, कोलोनकरांच्या मते देवमाशासारखी. उत्तर-दक्षिण हमरस्ता तिच्या खालून बोगद्यातून जातो.

रविवारी या दोन्ही रस्त्यांवर सगळी दुकाने बंद असतात. रविवार हा विश्रांतीचा दिवस राखण्याची तरतूद १९१९ च्या जर्मन राज्यघटनेत होती, ती १९४९ च्या घटनेतही तशीच उचलली गेली. १९५६ च्या कायद्याने तर रोजची वेळही बांधली: संध्याकाळी साडेसहाला, शनिवारी दुपारी दोनला दुकान बंद. नोकरदारांना खरेदीला वेळच उरत नसे, म्हणून महिन्यातल्या पहिल्या शनिवारी सवलत होती. त्या ‘लांब शनिवारी’ पेठेत जत्रा लोटे. २००६ पासून वेळा ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे गेला आणि नियम बरेच सैल झाले, पण वर्षातले मोजके अपवाद सोडता रविवार तसाच राहिला. दिवे लागलेल्या काचांसमोरून रविवारी संध्याकाळी कुटुंबेच्या कुटुंबे फिरताना दिसतात. खिशाला चाट न बसणाऱ्या या फिरण्याला जर्मनमध्ये स्वतंत्र शब्द आहे: ‘शाउफेन्स्टरबुमेल’, दुकानांच्या खिडक्या बघत भटकणे.

भटकून दमलेल्यांसाठी कॅथीड्रलजवळ १९०४ पासूनचे ‘फ्र्यू’ हे मद्यगृह आहे. इथली फिकट सोनेरी बिअर शहराच्याच नावाने ‘क्योल्श’ म्हणून ओळखली जाते आणि ती जेमतेम २०० मिलिलिटरच्या उभ्या, बारीक ग्लासात मिळते. वाढप्याला ‘क्योबेस’ म्हणतात. तो फटकळ असावा अशीच गिऱ्हाइकांची अपेक्षा असते. ग्लास रिकामा झाला की तो न विचारता भरलेला ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. नको असेल तर पुठ्ठा ग्लासावर पालथा घालायचा. तोवर रेघा वाढतच जातात. मद्यगृहासमोर १८९९ चे कारंजे आहे, त्यावर ठेंगू बुटके कोरलेले आहेत. रात्री सगळे झोपले की हे बुटके येऊन सुतारांचे, पाववाल्यांचे, शिंप्यांचे काम उरकून जात, आणि कोलोनचे कारागीर आरामात लोळत, अशी दंतकथा आहे. एका शिंप्याच्या बायकोला त्यांना पाहायची हौस आली. तिने जिन्यावर वाटाणे पसरले. बुटके घसरून पडले, रागावून निघून गेले आणि तेव्हापासून सगळ्यांना आपापले काम स्वतः करावे लागते. कारंज्याच्या टोकाला ती बायको कंदील धरून उभी आहे.

शिल्डरगास्से पश्चिमेला जिथे नॉयमार्क्ट चौकात संपते, तिथे दोन गोष्टी मान वर करायला लावतात. एका व्यापारी संकुलाच्या छपराच्या कोपऱ्यावर आइस्क्रीमचा प्रचंड कोन पालथा पडलेला आहे. आभाळातून कोणाच्या तरी हातून निसटल्यासारखा. क्लेस ओल्डेनबर्ग आणि कोस्ये फान ब्रुगेन यांचे हे २००१ चे शिल्प. शेजारच्या एका मनोऱ्याच्या वरच्या खिडकीतून पांढऱ्या घोड्यांची दोन डोकी चौकाकडे पाहत असतात. त्यांची कथा चौदाव्या शतकातल्या प्लेगच्या साथीची आहे. मेंगिस फॉन आडुख्ट या श्रीमंत माणसाची बायको रिखमोडिस साथीत मेली असे समजून तिला घाईने पुरण्यात आले. बोटातली अंगठी चोरण्यासाठी रात्री कोणी थडगे उघडले, तशी ती उठून बसली. चोर पळाले आणि त्यांनी टाकलेला कंदील घेऊन ती घरी आली. दारावर थाप ऐकून गड्याने नवऱ्याला सांगितले, बाईसाहेब आल्या आहेत. नवरा म्हणाला, माझे घोडे जिना चढून माळ्यावर जातील, पण मेलेली बायको परत यायची नाही. तेवढ्यात लाकडी जिन्यावर टापांचा आवाज झाला. घोडे माळ्याच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले होते. युद्धात मनोरा कोसळला, पुन्हा बांधला, आणि घोड्यांची डोकी पुन्हा बसवली गेली.